इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (जन्म : १५ डिसेंबर १९०५, मिंज्यान, ब्रह्मदेश, मृत्यू : ११ ऑगस्ट १९७०, पुणे) या भारतीय मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मराठी लेखिका होत्या. भारतातील पहिल्या महिला मानवशास्त्रज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी १९३९ पासून दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. आप्तसंबंध, जात, महाराष्ट्राची लोकसंस्कृती आणि महाभारत हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय होते. परस्परांपासून इतके भिन्न असलेले समूह एका समाजात कशामुळे टिकून राहतात, हा प्रश्न या सर्व विषयांच्या मुळाशी होता. जे बंध माणसांना आतून एकत्र बांधतात, तेच इतरांना बाहेर ठेवतात, ही जाणीव त्यांच्या शास्त्रीय तसेच ललित लेखनात आढळते.

जन्म, बालपण व शिक्षण

इरावतीबाईंचे वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात एका कापूस कंपनीत अभियंता होते. तेथील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यातील मुलींच्या हुजूरपागा शाळेत पाठवण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि रँग्लर र. पु. परांजपे यांचे घर हे त्यांचे दुसरे घर बनले. पुस्तकांनी भरलेल्या आणि मोकळ्या चर्चेला वाव देणाऱ्या त्या घराचा त्यांच्या घडणीवर मोठा परिणाम झाला.

फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी १९२६ साली तत्त्वज्ञान विषयात बी.ए. पदवी मिळवली. त्यानंतर दक्षिणा फेलोशिप घेऊन मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. चित्पावन ब्राह्मण समाजावर प्रबंध लिहून १९२८ साली त्या एम.ए. झाल्या. याच काळात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकररावांनी पत्नीच्या संशोधनाला आयुष्यभर साथ दिली. जय निंबकर, आनंद कर्वे आणि गौरी देशपांडे ही त्यांची अपत्ये. त्यांपैकी जय निंबकर व गौरी देशपांडे या लेखिका म्हणून प्रसिद्ध झाल्या.

बर्लिनमधील संशोधन

नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांचाच या प्रवासाला विरोध होता. दिनकरराव मात्र निर्णयावर ठाम राहिले आणि जीवराज मेहता यांच्याकडून मिळालेल्या कर्जामुळे प्रवास शक्य झाला.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मानवी कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंमधील स्वाभाविक विषमता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. या विषमतेचा वंशाशी संबंध असावा आणि युरोपीय लोकांच्या कवट्यांत ती वेगळी दिसावी, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापे घेतली, तेव्हा असा संबंध आढळला नाही आणि तोच निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला. एका परदेशी विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध दिलेला हा निष्कर्ष होता. पुढे हीच संस्था आणि फिशर नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांचे समर्थक ठरले, हे लक्षात घेता त्या निष्कर्षाचे मोल अधिक जाणवते. १९३० साली डॉक्टरेटचे काम पूर्ण करून त्या भारतात परतल्या.

अध्यापन व क्षेत्रकार्य

१९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रशासनात काम केले. १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर त्यांनी गुजरातेतील लांघणज येथील अश्मयुगीन मानवी सांगाड्यांच्या अभ्यासात भाग घेतला. १९४७ साली दिल्लीत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या मानवशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या.

त्यांच्या संशोधनाचा पाया प्रत्यक्ष पाहणी हा होता. खेडी, आदिवासी पाडे, आठवडी बाजार, यात्रा आणि धरणग्रस्तांच्या वसाहती अशा ठिकाणी जाऊन त्यांनी शरीरमापने घेतली, वंशावळी नोंदवल्या, नातेवाचक शब्द आणि ओव्या गोळा केल्या. संस्कृत महाकाव्ये आणि निरक्षर स्त्रियांची गाणी या दोन्हींना त्यांनी सारख्याच गंभीरपणे पुराव्याचे स्थान दिले.

समाजाच्या बांधणीविषयीचे विचार

समाज कशाने एकत्र राहतो, या प्रश्नाला समाजशास्त्रात जुनी परंपरा आहे. चौदाव्या शतकात इब्न खल्दून याने टोळीतील माणसांना एकत्र ठेवणाऱ्या गटनिष्ठेची मीमांसा केली होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम याने १८९३ साली एकतेचे दोन प्रकार सांगितले. माणसे एकसारखी असल्यामुळे निर्माण होणारी ती यांत्रिक एकता. माणसे वेगवेगळी कामे करतात आणि त्यामुळे एकमेकांवर अवलंबून राहतात, त्यातून निर्माण होणारी ती सेंद्रिय एकता. भारतीय समाज यांपैकी कोणत्याही एका साच्यात पूर्णपणे बसत नाही. जातीच्या आत साम्याचा बंध असतो, तर गावगाड्यात बलुतेदार व शेतकरी यांच्यात परस्परावलंबनाचा. इरावतीबाईंनी या दोन बंधांच्या दरम्यानचा प्रदेश अभ्यासासाठी निवडला.

आप्तसंबंध : १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात त्यांनी आप्तसंबंधांच्या आधारे भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. उत्तरेत सोयरीक नात्याबाहेर आणि बहुधा गावाबाहेर होते. त्यामुळे मुलगी अनोळखी घरात जाते. दक्षिणेत जुन्या नात्यातच नवे नाते जोडण्याकडे कल असतो आणि सून बहुधा आधीच ओळखीची असते. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. येथे अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह पसंत केला जातो, तर आतेबहिणीशी विवाह सहसा टाळला जातो. विवाह हा केवळ दोन व्यक्तींमधील करार नसून दोन कुळांना, आणि कुळांमार्फत अनेक गावांना, जोडणारा धागा आहे, हे या ग्रंथाने सविस्तर दाखवले.

जात आणि हिंदू समाज : १९६१ च्या 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' या ग्रंथात त्यांनी जातीची व्याख्या मूलतः विस्तारित आप्तसमूह अशी केली. जातिसंस्था गंगेच्या खोऱ्यातील इंडो-आर्य संस्कृतीत घडली आणि तेथून इतरत्र पसरली, असे त्यांचे गुरू घुर्ये यांचे मत होते. इरावतीबाईंनी ते मान्य केले नाही. एका समाजाचे तुकडे होत जाऊन सर्व जाती बनल्या नाहीत. मुळात स्वतंत्र असलेले अनेक समूह शेजारी शेजारी येत गेले आणि आपले वेगळेपण राखून एका व्यवस्थेत सामावले, असे त्यांचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्रातील कुंभारांचे उदाहरण त्यांनी यासाठी महत्त्वाचे मानले. बाहेरून पाहणाऱ्याला कुंभार ही एक जात वाटते. प्रत्यक्षात थोरचाके, लहानचाके यांसारखे अनेक गट असून त्यांच्यात परंपरेने रोटीबेटी व्यवहार नव्हता. व्यवसाय एक असला तरी नाती वेगळी होती. समान व्यवसायामुळे एका नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या अशा गटांना त्यांनी जातिसमूह म्हटले आणि प्रत्यक्ष जात त्यापेक्षा लहान असते, हे स्पष्ट केले. ब्राह्मणांमधील पोटजातींच्या शरीरमापनांतूनही त्यांना अशीच भिन्नता आढळली.

हे चित्र गोधडीच्या उपमेने समजून घेता येते. वेगवेगळ्या लुगड्यांचे तुकडे आपापला रंग न सोडता एकत्र शिवलेले असतात. एखादा नवा तुकडा कडेला जोडता येतो आणि त्यासाठी जुने उसवावे लागत नाही. या रचनेमुळे नवे समूह फारशा संघर्षाशिवाय सामावले गेले आणि समाज दीर्घकाळ टिकला. परंतु याच रचनेमुळे एका समूहाचे दुःख दुसऱ्याला आपले वाटण्याची गरज उरली नाही. सहिष्णुता आणि उदासीनता यांच्यातील अंतर येथे फार थोडे राहते, आणि इरावतीबाईंच्या विवेचनातील अस्वस्थ करणारा भाग नेमका हाच आहे.

पंढरपूरची वारी : संत ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर इरावतीबाईंनी पायी वारी केली. त्या अनुभवावर त्यांनी लिहिलेल्या मराठी लेखाचा इंग्रजी अनुवाद १९६२ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि वारीविषयीच्या अभ्यासात तो मूलभूत मानला जातो. वेगवेगळ्या गावांची, व्यवसायांची व वयांची माणसे एकच नाम घेत चालतात, तेव्हा महाराष्ट्र नावाचे काहीतरी आपल्याला डोळ्यांनी दिसते, असा त्यांचा अनुभव होता. ज्या भूमीतील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी प्रदेशाची ओळख त्यांनी या लेखात सुचवली.

त्याच वाटेवर त्यांना दुसरी गोष्टही दिसली. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा वारकरी दिवसभर एकत्र भजन करीत, परंतु मुक्कामाला पोहोचल्यावर त्यांचा स्वयंपाक व पंगत वेगळी होई. इरावतीबाईंनी दोन्हीकडे मैत्री जोडली आणि ही फट त्यांना सतत बोचत राहिली. सामुदायिक विधीतून समूहभावना जागी होते, हा द्यूरकेमचा १९१२ सालचा सिद्धान्त वारीला लागू पडतो. मात्र विधी संपल्यावर चुलीपाशी काय उरते, हा प्रश्न त्यांच्या लेखाने जोडून दिला.

महाभारत : 'युगान्त' (१९६७) या लेखसंग्रहात त्यांनी महाभारतातील व्यक्तींकडे दैवी पात्रे म्हणून न पाहता कुळ, वारसा आणि नाती यांच्या जाळ्यात सापडलेली माणसे म्हणून पाहिले. भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांची शोकांतिका त्यांनी नात्यांच्या कर्तव्यातून उलगडली. खांडववनाच्या दहनाविषयीचे त्यांचे विवेचन विशेष लक्षणीय आहे. क्षत्रियांच्या युद्धात नियम होते. वनातील प्राणी व नाग यांच्या संहारात मात्र कोणताही नियम पाळला गेला नाही, कारण ते त्या समाजाच्या नीतिबंधाबाहेरचे होते. समाजाचा बंध जेथे संपतो तेथे त्याची नीतीही संपते, असा या विवेचनाचा आशय आहे.

मराठवाड्याचा संदर्भ

इरावतीबाईंच्या कार्यकाळात महाराष्ट्राच्या एकत्वाचा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हता. मराठी भाषक मुंबई प्रांत, मध्य प्रांत व वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांत विभागलेले होते. नांदेड व लातूरचा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ साली झाला. वेगवेगळ्या राजवटींत वाढलेल्या या भागांना एकत्र ठेवणारे सूत्र कोणते, याचा शोध इरावतीबाईंच्या 'महाराष्ट्र : लँड अँड पीपल' (१९६८) या ग्रंथातून घेतला गेला. भूमी, भाषा, नात्यांची रचना आणि संतपरंपरा यांच्या एकत्रित विचारातून त्यांनी प्रदेशाचे स्वरूप मांडले.

नांदेड व लातूर जिल्हे त्यांच्या आप्तसंबंधविषयक विभागांच्या सीमेवर येतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागात तेलुगू आणि निलंगा, उदगीर या भागात कन्नड मुलुखाशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे. या सीमाभागात काही समाजांमध्ये मामा-भाचीचा विवाहही रूढ आहे. हा दक्षिण विभागाचा विशेष मानला जातो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशा निकटच्या नात्यातील विवाहांबाबत रूढीचा अपवाद मान्य केला आहे. भाषेची सीमा आणि नात्यांची सीमा एकाच रेषेवर असतेच असे नाही, हे या प्रदेशात स्पष्ट दिसते.

नात्याबाहेरचे बंध जोडणारी ठिकाणेही येथे आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, माहूरची रेणुका आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार येथे अनेक जातींची माणसे परंपरेने एकत्र येतात. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांची ओळख याच मुलुखाशी जोडलेली आहे. बाजार हा केवळ खरेदी-विक्रीचा नसून बातमी, ओळख आणि सोयरीक यांचाही असतो. आठवडी बाजाराच्या सामाजिक कार्याचा अभ्यास इरावतीबाईंनी हेमलता आचार्य यांच्या सहकार्याने केला होता.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या दोन घटनांमुळे त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न या भागात अधिक तीव्र झाला. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला. त्यानंतर नांदेड, परभणी आणि इतर जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारात राबणाऱ्या माणसांमधील परस्परावलंबन त्या दिवसांत वस्तीचे रक्षण करू शकले नाही. गाव एक असले, तरी वेशीबाहेरची वस्ती त्या बंधात धरली गेली नव्हती. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.

दुसरी घटना म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले आणि ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी इरावतीबाईंनी जय निंबकर यांच्याबरोबर केली होती आणि तिचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला होता. घर व जमीन यांची मोजदाद करता येते. शेजार, भावकी, देवस्थान आणि पारावरची ओळख यांची करता येत नाही. पुनर्वसनाचा विचार करताना हा भेद ध्यानात घ्यावा लागतो, आणि त्या दृष्टीने कोयनेचा अभ्यास किल्लारीच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरतो.

टीका व मूल्यमापन

इरावतीबाईंच्या कार्यावर अनेक अंगांनी टीका झाली आहे. वंशविचाराला बर्लिनमध्ये छेद देऊनही त्यांनी पुढे अनेक वर्षे शरीरमापनाची पद्धत वापरली. जातींची उत्पत्ती अशा मापनांवरून ठरवता येत नाही, असे आजचे शास्त्र मानते. भारतीय समाजाचा विचार त्यांनी मुख्यतः हिंदू चौकटीतून केला, हाही आक्षेप घेतला जातो. नांदेडचेच उदाहरण घेतल्यास ही मर्यादा जाणवते. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली येथे देहावसान झाले आणि हुजूर साहिब गुरुद्वारामुळे हे शहर शीख धर्माचे प्रमुख केंद्र बनले. येथे मुस्लिम समाजही मोठा आहे. अशा शहराचे एकत्व केवळ हिंदू आप्तसमूहांच्या रचनेतून स्पष्ट होत नाही. लंगरमधील सर्वांसाठीची एक पंगत आणि दिंडीतील वेगळी चूल यांची तुलना त्यांच्या चौकटीबाहेर राहिली.

समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात इरावतीबाईंच्या जीवनकार्याचे साक्षेपी मूल्यमापन केले. या मर्यादा मान्य करूनही क्षेत्रकार्य, संस्कृत साहित्य आणि लोकपरंपरा यांचा एकत्रित वापर करणाऱ्या अभ्यासक म्हणून त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

मराठी लेखन व सन्मान

इरावतीबाईंनी मराठी ललित निबंधाला नवे वळण दिले. 'परिपूर्ती' (१९४९), 'भोवरा' (१९६४) आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेला 'गंगाजल' (१९७२) या संग्रहांत संशोधकाची नजर आणि संसारी स्त्रीचा अनुभव एकत्र येतात. 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) आणि 'आमची संस्कृती' (१९६०) ही त्यांची वैचारिक पुस्तके होत. 'युगान्त'ला १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याचा इंग्रजी अवतार त्यांनी स्वतःच सिद्ध केला आणि तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या.

मृत्यू व वारसा

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात इरावतीबाईंचे निधन झाले. त्यांचे आप्तसंबंधविषयक विभाजन भारतभरातील विद्यापीठांत शिकवले जाते. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थ्यांना त्या विभाजनाची सीमारेषा स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरातील नात्यांमध्ये तपासून पाहता येते. समाज नात्यांनी, वाटांनी आणि कथांनी बांधला जातो, असे इरावतीबाईंनी दाखवले. त्या बंधांच्या बाहेर राहिलेल्यांना सामावून घेणारा नवा बंध कायद्यातून, शिक्षणातून की एकत्र पंगतीतून घडेल, हा प्रश्न त्यांच्यानंतरच्या पिढ्यांसमोर खुला राहिला आहे.